वर्दीतले ओबासांजो, अगबाडातले ओबासांजो

मागच्या अंकात आफ्रिकेतल्या लष्करी राजवटींवर लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की नायजेरियाचे ओलुसेगुन ओबासांजो दोनदा देशाचे प्रमुख झाले, १९७६ ते ७९ जनरल म्हणून आणि १९९९ ते २००७ निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष म्हणून, आणि त्यांचं दोन्ही वेळचं परराष्ट्र धोरण शेजारी शेजारी ठेवून बघण्यासारखं आहे. त्या एका वाक्यावर एवढे मेसेज आले की यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. दुसऱ्या वेळी ते वर्दी सोडून अगबाडा घालायला लागले, म्हणजे तिकडचा तो खांद्यावर दुमडायचा घोळदार झगा, म्हणून हे शीर्षक.

प्रश्न : मी एमपीएससी-यूपीएससीचा अभ्यास करतोय. लष्करी ओबासांजो आक्रमक आणि लोकशाहीतले ओबासांजो समन्वयवादी, असं लिहिलं तर बरोबर होईल का? (सांगली)

उत्तर : चूक म्हणता येणार नाही, पास व्हाल. पण त्यात मुद्द्याची गोष्ट सुटते, ती म्हणजे पैसा, आणि मग दुसरी म्हणजे समोर शत्रू कोण होता.

पहिल्यांदा ते खुर्चीवर बसले ते काही ठरवून नाही. १३ फेब्रुवारी १९७६ ला लागोसच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या गाडीवर गोळ्या झाडून जनरल मुर्ताला मोहम्मदना मारलं, ओबासांजो त्यांचे नंबर दोन होते, ते वाचले आणि दुसऱ्या दिवशी प्रमुख झाले. म्हणजे धोरणाची दिशा आधीच ठरलेली होती, ती मुर्तालांची. अंगोलात दक्षिण आफ्रिकेचं गोरं सरकार सैन्य घेऊन घुसलं तेव्हा नायजेरियानं नोव्हेंबर १९७५ ला थेट एमपीएलए या तिथल्या डाव्या संघटनेच्या सरकारला मान्यता दिली, आणि मग अमेरिकेचे अध्यक्ष फोर्ड यांनी आफ्रिकन नेत्यांना पत्रं पाठवली तरी नायजेरिया मागे हटला नाही. जानेवारी १९७६ ला अदिस अबाबात मुर्तालांनी भाषण ठोकलं की आफ्रिका आता वयात आलीय, बाहेरच्या कुठल्या सत्तेच्या कक्षेत फिरणार नाही. महिन्याभरात ते गेले आणि ते भाषण निभावायची जबाबदारी ओबासांजोंवर आली.

त्यांनी ती निभावली हे मान्यच करायला पाहिजे. १९७६ ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री किसिंजर यांना लागोसला यायचं होतं, त्यांना नको म्हणून कळवलं. दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्यासाठी रिलीफ फंड काढला, सरकारी नोकरांच्या पगारातून त्यात पैसे जायचे, लोक त्याला मंडेला टॅक्स म्हणायचे. एएनसी, म्हणजे मंडेलांची आफ्रिकन नॅशनल काँग्रेस, तिचा प्रतिनिधी लागोसला असायचा आणि तो कोण, तर थाबो एम्बेकी, जे पुढे दक्षिण आफ्रिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. ऑगस्ट १९७७ ला वर्णद्वेषाविरुद्ध यूएनची मोठी परिषद लागोसला, १९७८ ला एडमंटनच्या कॉमनवेल्थ गेम्सवर बहिष्कार, आणि १९७८-७९ साठी सुरक्षा परिषदेत जागासुद्धा मिळवली.

आता हे सगळं परवडलं कसं? अमेरिकेला तेल विकणाऱ्यांमध्ये तेव्हा सौदीच्या खालोखाल नायजेरिया होता. किसिंजरना नाही म्हणलं तरी टँकर थांबणार नव्हते, उलट मार्च १९७८ च्या शेवटी कार्टर स्वतः लागोसला आले, अमेरिकेच्या अध्यक्षाचा सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतला तो पहिला अधिकृत दौरा. शिवाय घरात विचारणारं कोणी नाही, संसद नाही, सुप्रीम मिलिटरी काउन्सिलच्या बैठकीत ठरलं की ठरलं. आणि शत्रू असा की हौसा असो, योरुबा असो, इग्बो असो, वर्णद्वेषाच्या बाजूने बोलणारा देशात एक माणूस सापडायचा नाही. नुकतंच यादवी युद्ध होऊन गेलेल्या देशाला सगळ्यांना एकत्र बांधणारा असा शत्रू मिळणं म्हणजे राज्यकर्त्याची चांदीच.

१९९९ ला यातलं काहीच उरलं नव्हतं. वर्णद्वेष संपलेला, शीतयुद्ध संपलेलं त्यामुळे दोन महासत्तांमध्ये भाव वाढवून घ्यायची सोय गेली, तेलाचा भाव त्या वर्षाच्या सुरुवातीला बॅरलला दहा-बारा डॉलरच्या आसपास, आणि डोक्यावर परदेशी कर्ज तीस अब्ज डॉलरच्या घरात. म्हणून म्हणतो, पेपरात वर्दीच्या आधी तिजोरीबद्दल लिहा.

प्रश्न : १९७९ ला बीपी या ब्रिटिश कंपनीचं राष्ट्रीयीकरण केलं ते खरंच आफ्रिकेच्या प्रेमापोटी, की कंपनी गिळायची होती आणि निमित्त शोधलं? (ठाणे, तेल कंपनीतून रिटायर्ड)

उत्तर : दोन्ही हो, आणि तुम्ही त्या धंद्यात होता तर तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त कळणार.

टायमिंग बघा ना. ऱ्होडेशियात, म्हणजे आताच्या झिम्बाब्वेत, गोऱ्यांचं सरकार होतं, मे १९७९ ला ब्रिटनमध्ये थॅचरबाई आल्या आणि त्या तिथल्या गोऱ्यांशी तडजोड करून बसलेल्या काळ्या पंतप्रधान मुझोरेवांच्या कामचलाऊ सरकारला मान्यता देतील अशी भीती होती. १ ऑगस्टला लुसाकात कॉमनवेल्थची परिषद सुरू व्हायची होती, राणी येणार होती. आदल्याच दिवशी, ३१ जुलैला, नायजेरियानं जाहीर केलं की बीपीची इथली मालमत्ता आता सरकारची. कारण दिलं ते असं की बीपीचं नॉर्थ सीचं तेल दक्षिण आफ्रिकेला जाण्याची वाट ब्रिटननं मोकळी केली. त्याच्या आधी बार्कलेज बँकेला असाच दणका दिला होता, त्यांच्या दक्षिण आफ्रिकेतल्या कंपनीनं तिथल्या सरकारचे डिफेन्स बाँड घेतले म्हणून १९७८ ला सरकारी ठेवी काढून घेतल्या, पुढे त्या बँकेनं नावच बदललं, युनियन बँक झाली.

लुसाकात थॅचर नरमल्या, मग लंडनला लँकेस्टर हाउसची बोलणी आणि १९८० ला झिम्बाब्वे स्वतंत्र. सगळं श्रेय बीपीला देता येणार नाही, झांबियाचे काउंडा, टांझानियाचे न्येरेरे, ऑस्ट्रेलियाचे फ्रेझर यांनीही खूप खटपट केली होती, पण थॅचरबाईंना हिशोबाची भाषा लवकर कळायची हे कोणी नाकारणार नाही. कंपनी नायजेरियाला मिळालीच, तिचं नाव आफ्रिकन पेट्रोलियम ठेवलं. आणि हे सगळं सत्ता सोडायला दोन महिने उरलेले असताना, १ ऑक्टोबर १९७९ ला त्यांनी ठरल्याप्रमाणे शेहू शगारींकडे कारभार दिला आणि ओटाला शेती करायला गेले. तेव्हाच्या लष्करशहांमध्ये असं करणारे किती होते ते आठवून बघा.

प्रश्न : ओबासांजोंचं शिक्षण पुण्यात झालं असं फॉरवर्ड आलंय. खरं आहे का? (खडकी, माजी सैनिक)

उत्तर : यावेळी फॉरवर्ड खरा निघाला, चक्क! ते इंजिनिअर कोअरचे अधिकारी, १९६५ ला भारतात कोर्सला आले होते, आधी वेलिंग्टनचं डिफेन्स सर्व्हिसेस स्टाफ कॉलेज आणि मग पुण्यात तुमच्या खडकीचं आर्मी इंजिनिअरिंगचं शिक्षण. परत गेले ते जानेवारी १९६६ ला आणि जातायत तोच तिकडे पहिला लष्करी उठाव झाला. पुढे जानेवारी १९७० ला बियाफ्राच्या, म्हणजे यादवीत नायजेरियातून फुटू पाहणाऱ्या भागाच्या, फौजेनं शरणागती पत्करली ती ओबासांजोंसमोरच. २००० सालच्या प्रजासत्ताक दिनाला ते आपले प्रमुख पाहुणे होते हेही खरं. पण फॉरवर्डात पुढे जे लिहिलंय की अलिप्ततावाद ते पुण्यात शिकले, तसलं काही खडकीत शिकवत नाहीत हे तुम्हालाच जास्त माहीत. तिथे पूल बांधायला शिकवतात.

प्रश्न : राष्ट्राध्यक्ष असताना हा माणूस कायम विमानातच असायचा असं वाचलं. देशात वीज नाही आणि साहेब जगभर, याला परराष्ट्र धोरण म्हणायचं का? (नागपूर)

उत्तर : नायजेरियातले पेपरही अगदी हेच विचारायचे. पण आधीचं चित्र डोळ्यासमोर आणा. जनरल अबाचांच्या राजवटीनं नोव्हेंबर १९९५ ला लेखक आणि कार्यकर्ते केन सारो-विवा आणि त्यांच्या आठ साथीदारांना फाशी दिली, कॉमनवेल्थनं नायजेरियाला सस्पेंड केलं, देश वाळीत पडला. ओबासांजो स्वतः तेव्हा उठावाच्या कटाचा आरोप ठेवून तुरुंगात टाकलेले होते, १९९८ ला अबाचा मेले म्हणून सुटले. आणि २९ मे १९९९ ला त्यांनी शपथ घेतली त्याच दिवसापासून कॉमनवेल्थचं दार पुन्हा उघडलं. मग दारोदार जाऊन आमचं घर आता बरं चाललंय असं सांगणं हे त्या काळाचं धोरणच होतं.

त्यांची स्वतःची ओळखही उपयोगी पडली. १९८५ ला वर्णद्वेषाच्या प्रश्नावर कॉमनवेल्थनं थोरामोठ्यांचा जो गट नेमला त्याचे ते फ्रेझर यांच्याबरोबर सहअध्यक्ष होते, आपले सरदार स्वर्णसिंगही त्या गटात होते, आणि तो गट तुरुंगात जाऊन मंडेलांना भेटून आला होता. असा माणूस जी-८ च्या दारात उभा राहिला तर त्याला बाहेर बसवता येत नाही. २००० ला ओकिनावाच्या परिषदेच्या तोंडावर टोकियोत एम्बेकी, अल्जीरियाचे बूतेफ्लिका आणि ओबासांजो जी-८ ला भेटले, २००१ ला आफ्रिकेच्या विकासासाठी नेपाड नावाची योजना निघाली.

आणि शेवटी हातात काय पडलं? ऑक्टोबर २००५ ला पॅरिस क्लब, म्हणजे कर्ज देणाऱ्या देशांचा गट, त्याच्याशी तडजोड झाली, सुमारे १८ अब्ज डॉलर माफ आणि सुमारे १२ अब्ज रोख भरायचे, अर्थमंत्री होत्या न्गोझी ओकोंजो-इवेला, ज्या आता जागतिक व्यापार संघटनेच्या प्रमुख आहेत. एप्रिल २००६ पर्यंत हिशेब चुकता. तोवर तेलाचा भाव पन्नास-साठच्या घरात गेला होता म्हणून रोख भरता आले, नाहीतर दौरे करून काही झालं नसतं. यात मला गंमत वाटते ती अशी, की नायजेरियानं परदेशी बाजारातून पहिलं एक अब्ज डॉलरचं जंबो कर्ज घेतलं ते १९७८ ला, म्हणजे जनरल ओबासांजोंच्याच सहीनं. नंतरच्या सरकारांनी ते कितीतरी पट वाढवलं हे खरं, पण खातं उघडलं कोणी ते विसरू नये.

प्रश्न : बाकासी बेट कॅमेरूनला देऊन टाकलं. लष्करशहा असते तर दिलं असतं का? (लागोसला नोकरीला असलेला एक मराठी वाचक)

उत्तर : तुम्ही तिथे राहता, तुमच्या ऑफिसात हा विषय काढला तर दिवसभर काम होत नसेल. बाकासी म्हणजे नायजेरियातल्या कलाबार शहराच्या पूर्वेचा खारफुटीचा द्वीपकल्प, मासळी भरपूर, आसपास तेल, आणि राहणारे बहुतेक नायजेरियन कोळी. तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला थोडं मागे जावं लागेल कारण खरी मजा तिथेच आहे.

जून १९७५ ला नायजेरियाचे लष्करी प्रमुख जनरल गोवोन आणि कॅमेरूनचे अहिजो यांनी मारूआ या गावी समुद्रातल्या सीमेच्या नकाशावर सह्या केल्या. दोनच महिन्यांत गोवोन यांना हटवलं, मुर्ताला-ओबासांजो आले आणि त्यांनी ती सही मानायला नकार दिला. १९७७ ला अहिजोंबरोबरच्या भेटीत ओबासांजोंच्या बाजूनं तसं स्पष्ट सांगितलं गेलं. कारण काय दिलं? तर एकट्या प्रमुखाची सही पुरत नाही, सुप्रीम मिलिटरी काउन्सिलची मंजुरी नव्हती. म्हणजे लष्करी राजवट नियम दाखवतेय की बाबा आमच्याकडे सुद्धा एक प्रक्रिया असते!

प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं आणि १० ऑक्टोबर २००२ ला निकाल लागला. द्वीपकल्प कॅमेरूनचा, कारण १९१३ चा ब्रिटन आणि जर्मनीमधला करार. आणि मारूआबद्दल कोर्ट म्हणालं की राष्ट्रप्रमुखानं सही केली तर ती देशाचीच सही, तुमच्या घरात मंजुरी कोणाची लागते याची चौकशी करत बसायचं बंधन शेजाऱ्यावर नाही. आता सत्तेवर कोण, तर तेच ओबासांजो, निवडणूक सहा महिन्यांवर, म्हणून सरकारनं आधी निकाल मानायला कां कूं केलं. पण यूएनचे सरचिटणीस कोफी अन्नान मध्ये पडले, संयुक्त आयोग बसला, २००३ ची निवडणूक पार पडली, आणि १२ जून २००६ ला न्यूयॉर्कजवळच्या ग्रीनट्री इस्टेटमध्ये ओबासांजो आणि कॅमेरूनचे राष्ट्राध्यक्ष पॉल बिया यांनी करार केला. १४ ऑगस्टला नायजेरियन सैन्य निघालं. उरलेला भाग २००८ ला दिला.

आणि संसदेची मंजुरी? घटनेच्या कलम १२ प्रमाणे करार देशात लागू व्हायला नॅशनल असेंब्लीनं कायदा करावा लागतो. तो न करताच सैन्य काढलं होतं. नोव्हेंबर २००७ ला सिनेटनं ठराव करून सांगितलं की ग्रीनट्री बेकायदेशीर आहे, पण तोवर ओबासांजो घरी गेले होते. म्हणजे बघा, जनरल असताना ते म्हणाले एकट्याची सही चालत नाही, आणि निवडून आल्यावर स्वतःच एकट्याच्या सहीवर भूभाग दिला. पुस्तकात वाचतो त्याच्या बरोब्बर उलटं.

लष्करशहा असते तर दिलं असतं का? मला वाटतं नाही. १९७७ ला ज्यांनी समुद्रातली एक रेघ मानली नाही ते जमीन कशाला देतील. २००६ ला दिली कारण कर्जमाफी नुकतीच झाली होती, एयूचं, म्हणजे आफ्रिकन युनियनचं, अध्यक्षपद नुकतंच भूषवून झालं होतं, आफ्रिकेत कायद्याचं राज्य पाहिजे असं जगभर सांगून झालं होतं, आणि मग हेगचा निकाल धाब्यावर बसवणं महागात गेलं असतं. त्यात तिसऱ्या टर्मची घटनादुरुस्ती सिनेटनं १६ मे २००६ ला फेटाळली, म्हणजे ग्रीनट्रीच्या आधी महिनाभर, पुढे मतं मागायची नव्हतीच. तिथल्या कोळ्यांचं यात काय झालं, तर कित्येकांना घरं सोडून यावं लागलं आणि त्यांचं पुनर्वसन हा आजही रडगाण्याचा विषय आहे. तरी मी म्हणेन की युद्ध टाळलं हे दोन्ही कारकिर्दींतलं त्यांचं सगळ्यात कठीण काम होतं, बीपीपेक्षा कठीण, कारण बीपीला टाळ्या मिळाल्या होत्या.

प्रश्न : मुगाबेंना विरोध आणि चार्ल्स टेलरला आसरा, हा दुटप्पीपणा नाही का? (पणजी)

उत्तर : मुगाबेंचं आधी. ज्या झिम्बाब्वेसाठी १९७९ ला ब्रिटिश कंपनी जप्त केली, त्याच झिम्बाब्वेला मार्च २००२ ला कॉमनवेल्थमधून सस्पेंड करणाऱ्या तिघांत ओबासांजो होते, बाकीचे दोघे ऑस्ट्रेलियाचे हॉवर्ड आणि तेच लागोसवाले एम्बेकी. वर्षभरानंतर एम्बेकी आणि ओबासांजो दोघंही बंदी उठवा म्हणत होते, पण डिसेंबर २००३ ला अबुजाच्या परिषदेत यजमान ओबासांजोंनी मुगाबेंना बोलावलं नाही ते नाहीच, आणि मुगाबेंनी कॉमनवेल्थच सोडली. दुटप्पी म्हणण्यापेक्षा मी याला दोन दगडांवर पाय म्हणेन.

टेलरचं वेगळं. तो लायबेरियाचा राष्ट्राध्यक्ष. ऑगस्ट २००३ ला तिथल्या राजधानीत, मन्रोव्हियात गोळीबार चालू होता आणि टेलरला बाहेर काढल्याशिवाय तो थांबत नव्हता, म्हणून सगळ्यांच्या, अगदी अमेरिकेच्याही संमतीनं त्याला कलाबारला बंगल्यात ठेवलं. सिएरा लिओनच्या न्यायालयानं त्याच्यावर आरोपपत्र आधीच काढलेलं होतं. मार्च २००६ ला लायबेरियाच्या नव्या राष्ट्राध्यक्षांनी मागणी केली तेव्हा ओबासांजो म्हणाले या आणि घेऊन जा, आणि दोन-तीन दिवसांत टेलर गायब! नेमके त्याच वेळी ओबासांजो बुशना भेटायला वॉशिंग्टनला पोचलेले. २९ मार्चला पहाटे कॅमेरूनच्या सीमेवर गाम्बोरू-न्गालाला टेलरची गाडी अडवली, पकडला, आणि त्याच दिवशी व्हाइट हाउसमधली भेट सुरळीत पार पडली. योगायोग म्हणायचा तर म्हणा, मी तरी म्हणणार नाही.

जनरल ओबासांजोंना वॉशिंग्टनची अशी घाई कधी नव्हती. पण जनरल ओबासांजोंना घरच्या माणसांची तरी काय फिकीर होती? फेब्रुवारी १९७७ ला लागोसला फेस्टॅक हा सगळ्या आफ्रिकेचा मोठा सांस्कृतिक सोहळा संपला आणि आठवड्याच्या आत सैनिकांनी गायक फेला कुटीचं घर जाळलं, त्याच्या म्हाताऱ्या आईला खिडकीतून फेकलं. बाहेर स्वातंत्र्याचे नगारे आणि घरात हे. १९९९ ला निवडून आल्यावर सुद्धा सैन्यानं ओडी हे नायजेरियातलं गाव उद्ध्वस्त केलं ते फार वेगळं नव्हतं, त्यामुळे लोकशाहीचा मुलामा फार खोल गेला होता असं समजू नका.

प्रश्न : असा दुसरा कोणी नेता आहे का तुलनेला? मुशर्रफ चालतील? (औरंगाबाद)

उत्तर : मुशर्रफ नाही चालणार, त्यांनी वर्दी उतरवली ती नोव्हेंबर २००७ ला आणि ऑगस्ट २००८ ला गेले, तुलना करायला मधे काही घडायला तर पाहिजे. नायजेरियातच बघा, मुहम्मदू बुहारी. १९८३ च्या शेवटी उठावातून आले, १९८५ ला गेले, आणि २०१५ ते २०२३ निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष. जनरल असताना १९८४ ला सीमा बंद केल्या, १९८५ ला लाखो परदेशी मजुरांना हाकललं, लंडनमधून माजी मंत्री उमारू डिको यांना बेशुद्ध करून लाकडी पेटीत घालून विमानानं आणायचा प्रयत्न झाला आणि पेटी स्टॅन्स्टेड विमानतळावर उघडली गेली, ब्रिटनशी संबंध पार बिघडले. चलनाचं अवमूल्यन करा असं आयएमएफ म्हणत होतं, बुहारी नाही म्हणाले. तीस वर्षांनी निवडून आले तर ऑगस्ट २०१९ ला शेजारच्या बेनिनमधून तांदळाची तस्करी होते म्हणून परत सीमा बंद, तीही वर्षाच्या वर, आणि नायराचं, म्हणजे तिथल्या चलनाचं, अवमूल्यन करायलाही सुरुवातीला परत नकार. हा गडी बदललाच नाही.

एकच गोष्ट वेगळी. गांबियात निवडणूक हरूनही राष्ट्राध्यक्ष जामे खुर्ची सोडेनात तेव्हा जानेवारी २०१७ ला बुहारी मध्यस्थीला स्वतः गेले आणि पश्चिम आफ्रिकन देशांच्या फौजेत नायजेरियाचं सैन्य आणि विमानं पाठवली, जामे पळाले. ज्यांनी स्वतः निवडून आलेलं सरकार उलथवलं होतं त्यांनीच दुसऱ्याच्या निवडणुकीचा निकाल रणगाड्यांच्या धाकानं लावून दिला. आणि हो, सगळा दोष लष्करावर घालण्याआधी हेही लक्षात ठेवा की १९८३ ला घानाच्या लोकांना आठवड्या-दोन आठवड्यांच्या मुदतीत देशाबाहेर काढणारे शगारी हे निवडून आलेले होते. त्या लोकांनी सामान भरलेल्या चौकडीच्या प्लास्टिकच्या पिशव्यांना नायजेरियात अजूनही घाना मस्ट गो म्हणतात, आणि तशाच पिशव्या आपल्याकडे दादर स्टेशनबाहेरही मिळतात.